मागच्या भिंतीवरची नळी

१

पहाटे उठली की राजमती सगळ्यात आधी मागच्या बोळात जायची. चूळ भरणं, सामायिकाचं ध्यान, विहिरीचं पाणी गाळणं, सगळं त्यानंतर. बोळ म्हणजे एका अंगाला घराची मागची भिंत, दुसऱ्या अंगाला आवाराची उंच भिंत आणि मधे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरकावं लागेल एवढी जागा. दार एकच, तेही घरातून, आणि त्याला आतून कडी. भिंतीला लागून कमरेच्या उंचीवर एक लोखंडी नळी गेली होती. तिच्यावर रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, जाड थर, त्यावर बारदाना, त्यावर सुतळीचे वेढे. राजमती या टोकापासून त्या टोकापर्यंत बारदान्यावर तळहात टेकवत जायची. सुतळी सैल झाली असेल तिथं आवळायची, उंदरानं रुई ओढली असेल तिथं बोटानं आत सारायची. हे काम आधी तिचे यजमान हीरालाल करत. भादव्यात ते गेले. थंडी पडायला लागली तेव्हा कुणी न सांगता तिनं ते आपल्याकडे घेतलं.

रिसोडला या जैन कुटुंबाची सरकीच्या तेलाची गिरणी आणि घर एकाच आवारात होतं. बॉयलरची वाफ सरकी शेकायच्या कढईला जायची, तिथं तिचं पाणी व्हायचं आणि ते कढत पाणी या नळीतून परत बॉयलरच्या टाकीत यायचं. नळी सरळ नेली असती तर चार हातांत काम भागलं असतं. हीरालालनी ती मुद्दाम घराला वळसा घालून नेली. "टाकीत जाऊन वाया जाणारी ऊब," ते म्हणाले होते, "जाता जाता घरात टाकून जाईन. आपलं काय जाते?" त्यामुळं मधल्या खोलीची मागची भिंत हिवाळाभर उबदार राहायची आणि घरातल्या बाळंतिणी त्याच खोलीत निजायच्या. राजमतीच्या लेकीचा, चंदनाचा, जन्म तिथलाच. आता चंदना स्वतः तिथं बाळंत होऊन पडली होती.

तिला सातव्यातच कळा आल्या. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा लेकरांना मोठ्या शहरात काचेच्या पेटीत ठेवतात. पण या थंडीत, त्या रस्त्यानं तिला नेणं हेच जास्त धोक्याचं. घरीच ठेवा, वजन धरेपर्यंत अंगाची ऊब जाऊ देऊ नका. शेगडी ठेवून पाहिली. धुरानं लेकरू निळं पडायला लागलं, तशी गोजराबाई सुईणीनं शेगडी उचलून अंगणात नेऊन ओतली. उरली ती भिंत. बाज भिंतीला लावली, आणि भिंत व आई यांच्या मधे लेकरू ठेवलं.

आणि थंडी तर अशी की मेडशीकडच्या तुरी एका रात्रीत काळ्या पडल्या. सकाळी गुरांच्या हौदावर पापुद्रा धरायचा, शाळेत जाणारी पोरं तो काचेसारखा उचलून पळायची.

त्या पहाटे राजमती नेहमीसारखी हात टेकवत निघाली. गिरणीकडचं टोक गरम होतं. पुढं कोमट, पुढं कोमट. मधल्या खोलीच्या मागं आली आणि तिचा हात थांबला. बारदाना गार होता. दगड गार असतो तसा.

ती हातभर पुढं सरकली. तिथं पुन्हा गरम.

२

हरिसिंग बॉयलरवर होता. तो आणि त्याचा भाऊ लखीराम पाळीपाळीनं आग सांभाळत. हंगामात एरवी बॉयलर थंड पडू द्यायचा नसे. राजमतीनं हाक मारली तसा तो हात पुसत आला.

"बाई, हात बधिर झाला असन तुमचा. या थंडीत मले माह्ये पाय कुठं हायेत थे मालूम नाई."

"तुमी पाह्या तं खरं, भाऊ."

त्यानं सुतळी सोडली, बारदाना उलगडला, रुई बाजूला केली. रुईचा आतला थर नळीला चिकटून बसला होता. ओढला तसा कुरकुर आवाज झाला. खाली नळी पांढरी होती. हातभर लांबीत दाट दहिवर गोठलेलं, वर साखरेसारखे कण.

 त्यानं पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं झटकन काढलं. मग पलीकडे टेकवलं. पुन्हा तसंच.

"पाणी तं चालू हाये," तो म्हणाला. "इकडून येते, तिकडून जाते."

"मग मधे कसं गोठलं?"

"मले काय इचारता बाई? म्या तं जिंदगीत असं पाह्यलं नाई."

राजमतीनं मनातल्या मनात कारणं लावली. नळी तिथं खचली असेल, पाणी साचून राहत असेल. पण साचलेलं पाणी गोठलं तर पुढं वाहणारं कुठून आलं? आवाराच्या भिंतीत फट असेल, नेमका तिथंच वारा लागत असेल. पण भिंतीत फट नव्हती. लोखंडच तसलं असेल. यापुढं तिला कारण सुचलं नाही. तरी "लोखंडच तसलं असन," असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि हरिसिंगनंही मान हलवली. दोघांनाही तेवढ्यानं बरं वाटलं.

त्यानं पान्यानं नळी ठोकली, बर्फ झाडला, नवी रुई आणून दुप्पट जाड थर दिला, त्यावर बारदान्याचे दोन पट आणि घट्ट सुतळी. गाठ त्यानं बैलाच्या दाव्याला मारतात तशी मारली.

घरात आल्यावर राजमतीनं मधल्या खोलीच्या भिंतीला हात लावला. बाजेच्या वर, लेकराच्या डोक्याच्या बाजूला, गारव्याचा एक डाग होता. ताटाएवढा. भोवतालची भिंत कोमट.

"मी पहाटीच म्हटलं चंदनाले," गोजराबाई लेकराला तेल चोळत म्हणाली, "भिंतीले ताप उतरल्यासारखं झालं." मग लेकराकडे वळून, "काय वो सेठाणी? तुमच्या घरात आता ऊब बी मापून देतात का?"

लेकरानं डोळे न उघडता तोंड वाकडं केलं. गोजराबाईला ते पुरेसं होतं. ती हसली.

३

दुसऱ्या पहाटे बारदाना खाली लोंबत होता.

सुतळी कापलेली नव्हती. हरिसिंगची ती गाठ सोडवलेली होती, आणि सुतळीचं भेंडोळं करून नळीवर अडकवलेलं होतं. रुई एका बाजूला सारून ठेवली होती, पांघरूण पायाशी सारावं तशी. आणि मधल्या उघड्या नळीवर बर्फ होता.

आज तो सगळीकडे सारखा नव्हता. दोन ठिकाणी जास्त दाट होता, मधे वीतभर अंतर सोडून. दोन्ही ठिकाणी तो नळीच्या वरून आला होता आणि खाली वळला होता. राजमती बघत राहिली. मग तिनं आपले दोन्ही हात वर केले, नळीला न लावता, तिच्यावर धरले. शेकोटीवर धरतो तसे. डागांची जागा आणि तिच्या हातांची जागा एकच होती.

तिनं हात पदरात घेतले.

हरिसिंगनं पाहिलं आणि तो उगाचच हसला. "कोणीतरी थंडीचा मारलेला येऊन बसत असन, बाई. तोडीवाले, कापूसवेचणीवाले, लोक कुठं कुठं झोपून राह्यले सध्या."

"कडी आतून होती, भाऊ."

"भिंत चढून आला असन."

"आला असन. पण माणसानं हात शेकले तं नळीवर बर्फ कसा धरन?"

हरिसिंगनं रुई उचलली. त्यानं पुन्हा बांधलं. पण या वेळी तो घाईत होता, आणि काम करताना पाठ भिंतीला लावून उभा होता.

पानाबाई, राजमतीची सासू, ओसरीवर माळ घेऊन बसल्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं. राजमती त्यांच्याजवळ बसली.

"मांजी, एक इचारू?"

"इचार."

"आपल्यात गेलेलं माणूस थांबते का? कुठं आसपास?"

माळ थांबली नाही. "कायले थांबन? जीव निघाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या देहात. आपण श्राद्ध घालत नाई, पिंड ठेवत नाई, थे काहून? इथं कोणी जेवाले राह्यतच नाई म्हणून." मग त्या थोडं थांबल्या. "तुले कोण दिसलं?"

"कोणी नाई."

"मग नको इचारू," पानाबाई म्हणाल्या. एक मणी पुढं सरकला. "मी बी नाई इचारत कोणाले."

४

राजमतीला जे विचारायचं होतं ते तिनं विचारलं नव्हतं. हीरालालच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. तरुणपणी घाण्यात गेली होती. त्या हातानं ते पान लावायचे, पोरीची वेणी घालायचे, नळीवर सुतळी गुंडाळायचे, आणि शेवटचे काही दिवस तो हात तिच्या हातात होता. भादव्याच्या उकाड्यातही तो गार पडत गेला होता. ती चोळत राहिली होती. चोळून काही होत नाही हे तिला कळत होतं.

आता रोज पहाटे ती दार उघडून आधी सुटलेला बारदाना बघायची आणि मग बर्फावर वाकायची. तिला बोटं मोजायची होती. पण बर्फाला कडा नसायच्या. एक हात आखूड वाटायचा, मग नाही वाटायचा. तेवढ्यात ऊन भिंतीवरून खाली उतरायचं आणि सगळ्याचं पाणी होऊन गळून जायचं. कधी ती मनात म्हणायची, तुम्हीच असाल तर असा. आणि लगेच तिला भरून यायचं, कारण ते असतील तर याचा अर्थ एवढाच होता की ते इतके महिने बाहेर आहेत आणि त्यांना थंडी वाजते आहे.

आणि तोवर आत भिंतीवरचा डाग वाढत होता. ताटाएवढा होता तो परातीएवढा झाला.

एका दुपारी ती चंदनाजवळ बसली होती. गिरणीची धडधड चालू होती, नळी अधूनमधून टक् टक् करत होती. ते आवाज त्या घराला सवयीचे होते. त्या आवाजांच्या मधे आणखी एक आवाज आला. भिंतीच्या पलीकडून, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून. कुणी तरी हातांवर फुंकर मारावी तसा. लांब, तोंड उघडं ठेवून सोडलेला श्वास. मग थांबला. मग पुन्हा.

"आई," चंदना हळूच म्हणाली, "भिंतीमागं कोणी बसते का?"

"वाफ असन. कुठं सांधा सुटला असन."

"वाफ अशी थांबून थांबून निघते का?"

राजमती उठली, बोळाचं दार उघडलं. ऊन पडलं होतं. बोळात कुणी नव्हतं. हरिसिंगनं सकाळीच घट्ट बांधलेला बारदाना खाली लोंबत होता.

ती परत आली तेव्हा गोजराबाईनं लेकराचे तळवे स्वतःच्या गालाला लावले होते. आज ती थट्टा करत नव्हती.

"राजमतीबाई, पाय गार पडून राह्यले. सकाळपासून दोनदाच दूध वढलं तिनं. एक तं हे भिंतीचं पाह्या, नाई तं मले सांगा, मी लेकराले घेऊन चुलीपाशी बसतो. पण मंग धुराचं काय करता?"

राजमतीनं लेकराकडे पाहिलं. आपण इतके दिवस बाहेर बोटं मोजत होतो, आणि हिची ऊब तिकडे जात होती, एवढंच तिच्या मनात आलं.

"हरिसिंगभाऊले बलावते," ती म्हणाली.

५

हरिसिंगनं पत्र्याचा पन्हाळ कापून आणला. नळीच्या त्या भागावर खालून एक, वरून एक असे दोन तुकडे बसवले, मधे रुई आणि भुसा ठासून भरला आणि तारेनं पान्याचा पीळ देऊन आवळून टाकलं.

"आता सोडून दाखव म्हणा," तो म्हणाला. कुणाला, ते तो बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रा जागेवर होता. तारेला कुणी हात लावला नव्हता. भिंतीवरचा डाग दुपारपर्यंत विरला, आणि संध्याकाळी लेकरू इतकं जोरानं रडलं की ओसरीवर पानाबाईंची माळ थांबली.

"आली आवाजात," गोजराबाई म्हणाली. "आता सारं रिसोड उठवते बघा ही."

सगळे हसले. राजमतीही हसली. पण ती एकटी स्वयंपाकघरात गेली तेव्हा तिला नीट बसवेना. दारात आलेल्या कुणाला तरी आपण काठी दाखवून घालवून दिलं आहे, असं तिला वाटत राहिलं. आणि ते कोण होतं हे आपण पाहिलंही नाही.

असे काही दिवस बरे गेले. मग चतुर्दशी आली.

अष्टमीला हिरवी भाजी नाही आणि चतुर्दशीला बॉयलर नाही. सासऱ्यांनी गिरणी घातली तेव्हाच हा नेम धरला होता. भट्टीत किती जीव जळतात, पंधरवड्यात एक दिवस तरी त्यांना सुटका. त्रयोदशीला दिवस मावळला की आग विझवायची, थंडीचे दिवस असतील तर नळीच्या टोकाचा नळ सोडून पाणी काढून टाकायचं आणि अमावास्या-पुनवेला सकाळी पुन्हा पेटवायचं. हरिसिंग-लखीराम त्या दिवशी आपल्या तांड्यावर जात.

राजमतीनं मनाशी ठरवलं होतं की या चतुर्दशीला बॉयलर चालू ठेवायचा. दोन दिवस ती पानाबाईंना कसं सांगावं याचीच जुळवाजुळव करत होती. शेवटी त्रयोदशीच्या दुपारी बोलली.

पानाबाईंनी ऐकून घेतलं. "लेकरासाठी?"

"हो, मांजी."

"मग मले काय इचारते? पेटव. जिवासाठीच नेम होता, जिवासाठीच मोडला. माह्या नावावर राहू दे."

राजमतीला इतकं हलकं वाटलं की ती तशीच उठून लेकराजवळ गेली, त्याला मांडीवर घेतलं आणि कधी तिला डोळा लागला ते कळलं नाही. हरिसिंगला सांगायचं राहून गेलं. चतुर्दशीला बॉयलर बंद, ही गोष्ट त्या आवारात कधी कुणाला सांगावी लागली नव्हती. म्हणून उद्या पेटवा, हे सांगावं लागेल हेही तिच्या डोक्यात आलं नाही. दिवस मावळताना त्यानं नेहमीप्रमाणे आग ओढून घेतली आणि मेडशीची शेवटची एसटी सुटत होती म्हणून दोघं भाऊ धावत गेले. घाईत नळीचा नळ सोडायचाही राहिला.

६

राजमतीला जाग आली ती शांततेनं.

उजाडायला लागलं होतं. इतक्या रात्रींच्या जागरणानंतर अर्धवट झोपेत ती कधी आपल्या अंथरुणावर येऊन पडली होती, ते तिला आठवत नव्हतं. गिरणीची धडधड नव्हती, नळीची टकटक नव्हती. काय झालं ते तिच्या लक्षात आलं तेव्हा ती उठून बसली, आणि काही वेळ तिला पाय जमिनीवर टेकवायचा धीर होईना. रात्रभर बॉयलर बंद होता. नळीत पाणी तसंच होतं. बाहेर कौलांवर पांढरं पडलं होतं. मधल्या खोलीकडे जाताना तिनं मनात काही म्हटलं नाही. नवकार मंत्रही तिला आठवला नाही.

गोजराबाई बाजेच्या कडेला बसली होती. चंदना झोपली होती. लेकरू आईच्या कुशीत नव्हतं, भिंतीकडे सरकलेलं होतं. त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

"कसं हाये?" राजमतीनं दारातूनच विचारलं.

"कसं म्हंजे? रात्री तीनदा प्यालं. तुमी झोपल्या होत्या, उठवलं नाई." गोजराबाईनं भिंतीला पाठ टेकली. "आज भिंत चांगली तापली हाये. गिरणी बंद, तरी बॉयलर जोरात हाये वाटते?"

राजमतीनं भिंतीला हात लावला. ताटाएवढ्या जागेत ती उबदार होती. अंगाला लागून अंग असावं तशी. भोवतालची भिंत गारठलेली होती.

ती बोळाच्या दाराशी आली. कडी आतून होती. तिनं ती काढली आणि दार हातभर उघडलं.

बोळात धुकं उतरलं होतं. नळी या टोकापासून पांढरी होती. बारदान्यावरही बर्फ, सुतळीवरही. मधे पत्र्याचा पन्हाळ खाली काढून भिंतीला टेकवून ठेवलेला होता. तार गुंडाळून त्यावर ठेवली होती. आणि तिथं, उकिडवं, पाठमोरं कुणी बसलं होतं.

अंगावर काय होतं ते धुक्यात कळत नव्हतं. खांदे हाडकुळे होते आणि ते हलत होते. त्यानं हात तोंडाशी नेले. लांब, थांबून थांबून सोडलेला तो श्वास तिनं आता जवळून ऐकला. मग त्यानं दोन्ही तळवे नळीवर ठेवले. शेकायला ठेवतात तसे नाही. गार पडलेल्या अंगावर ठेवतात तसे, दाबून. पुन्हा तोंडाशी, पुन्हा नळीवर. त्या कामात त्याचं सगळं लक्ष होतं.

राजमतीनं हात पाहिले. निबर, लांबट, नखांपर्यंत पांढरे. उजव्या हाताची बोटं तिनं पाहिली. मग पुन्हा पाहिली.

पाचही होती.

हा हात हीरालालचा नव्हता. ते नव्हते. ते इथं नव्हते. या बोळात, या थंडीत, भिंतीच्या बाहेर ते कधीच नव्हते. मांजी म्हणाल्या तसं ते कुठं तरी गेले होते, कुणाच्या तरी पोटात, कुणाच्या तरी कुशीत. जिथं असतील तिथं निदान ऊब होती. तिनं दाराची चौकट धरली. तिला रडू येत होतं, आणि ते रडणं चांगलं होतं.

चौकट कुरकुरली.

खांदे हलायचे थांबले. मान वळायला लागली, अगदी हळू. आणि राजमतीला एकदम उमगलं की हा कोण आहे हे तिला माहीत नाही. तिनं डोळे घट्ट मिटले. कुठून आला, किती दिवसांचा, कुणाचा, काहीच माहीत नाही. आणि तो तिच्या घराच्या भिंतीशी बसून आहे, आणि आता तो तिच्याकडे बघतो आहे. गार हवेचा एक झोत तिच्या चेहऱ्यावर आला आणि राहिला. तिनं श्वास घेतला नाही.

"लेकरू बरं हाये," ती डोळे मिटूनच म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

झोत सरला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले तेव्हा धुक्यात ऊन शिरत होतं आणि बोळ रिकामा होता. ती नळीपाशी गेली. अलीकडे बर्फ. पलीकडे बर्फ. मधे दोन जागा कोरड्या होत्या, काळ्या लोखंडाच्या. तिनं बोट टेकवलं. कोमट होतं. कढत पाण्यानं असतं तसं नाही. नुकताच हात उचलावा तसं.

७

हरिसिंग पहिल्या एसटीनं आला. तांड्यावर थंडी पाहून त्याला नळ सोडायचं राहिल्याचं आठवलं होतं आणि रात्रभर झोप नव्हती. तो बोळात धावतच गेला, नळी टोकापासून टोकापर्यंत ठोकून पाहिली आणि परत आला तो आश्चर्यानं.

"फुटली नाई बाई! सारी गोठली, पण फुटली नाई. मधे कुठं तरी पाण्याले फुगाले जागा भेटली असन, नाई तं उभी चिरली असती." मग कानाला हात लावून, "चुकलो. जोड्यानं मारा."

"मारीन मंग. आधी आग पेटवा. मांजींनी सांगतलं हाये."

दहा वाजेपर्यंत बर्फ सुटला, नळी टकटक करायला लागली, आणि गिरणीची धडधड पुन्हा घरात भरली. हरिसिंग पन्हाळ आणि तार घेऊन मधल्या खोलीच्या मागं आला. राजमती तिथं उभी होती.

"थे नका लावू," ती म्हणाली.

"काहून?"

"बाकी सारं बांधा. दुप्पट बांधा. एवढी हातभर जागा उघडी राहू द्या."

"बाई, थंडी अजून गेली नाई. इथं पुन्हा बर्फ धरन."

"धरू द्या."

"आन् लेकराची भिंत?"

"बाज हातभर सरकवते. ऊब काय एकाच जागी हाये का?"

हरिसिंगनं तिच्याकडे पाहिलं, मग उघड्या नळीकडे. त्यानं आवाज खाली आणला. "कोण हाये बाई? सेठजी?"

"नाई," राजमती म्हणाली. इतक्या महिन्यांत तिनं इतक्या सरळ आवाजात काही म्हटलं नव्हतं. "थे नाई. मी पाह्यलं. दुसरंच कोणी हाये."

"मंग हाकला त्याले! ओळख ना पाळख."

आतून गोजराबाईचा आवाज आला. ती लेकराला दटावत होती की एवढ्या घाईनं पिऊन कुठं गाडी पकडायची आहे. राजमतीनं ते ऐकून घेतलं.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "थंडी हाये."

हरिसिंगनं मान हलवली, पत्रा काखेत मारला आणि दोन्ही बाजूंनी बारदाना गुंडाळायला घेतला. मधे हातभर जागा सोडून त्यानं गाठ मारली आणि आपली पाठ त्या जागेकडे होणार नाही अशा बेतानं मागं सरला. तो बोळातून बाहेर पडल्यावर राजमतीनं दार लोटून घेतलं. कडी लावायला हात वर केला, आणि मग न लावताच ती आत गेली.